जेवण वसूल, समुद्र वाया

मॉरिशसच्या सहलीत एक दिवस कॅटामरान क्रूझचा असतोच. सकाळी नऊला बोट सुटते, दुपारी साडेतीन-चारला परत येते. जेवणखाण, पेयं, पाण्यात बघायचा चष्मा आणि श्वासाची नळी, सगळं पैशांत धरलेलं. पत्रकात या दिवसापुढे ‘रिलॅक्स डे’ असं छापलेलं असतं. आपल्याकडची बरीच मंडळी या दिवसाचे पैसे मोजतात, कोंबडी खातात, डेकवर नाचतात, दीडशे फोटो काढतात आणि पाण्याला पाय न लावता परत येतात. माझं मत सरळ आहे. ज्याला पाण्यात उतरायचंच नाही त्याने त्या बोटीवर चढू नये. तेवढ्या पैशांत हॉटेलात बसून दोन वेळा चांगलं जेवता येतं.

कुणाला हे कडक वाटेल, पण तिथला समुद्र आपल्या ओळखीचा समुद्र नाही. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट. त्याला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाचा बांध आहे. बांधाच्या बाहेर हिंद महासागर फुटत असतो; दूरवर पांढरी रेघ दिसते आणि नीट कान दिला तर धडधडही ऐकू येते. आत मात्र कुठे कमरेएवढं, कुठे छातीएवढं निवांत पाणी. यालाच लगून म्हणतात. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री नावाची जागा आहे, तिथे हा बांध तुटलेला आहे. लाटा थेट काळ्या कड्यावर येऊन आपटतात. पाच मिनिटं तिथे उभं राहिलं की बांध काय काम करतो हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. लगूनचं पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये २७-२८ अंशांवर असतं, ऑगस्टमध्ये २२-२३ वर येतं. तळाची वाळू दिसते. नवशिक्याला यापेक्षा सोपा समुद्र मिळणं कठीण.

आणि खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे अंग आपोआप वर राहतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं तिथे. मी पोहायला शिकले ते पलूसजवळ मामांच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. मामा काठावरून ढकलून द्यायचे आणि वर उभे राहून “हात मार, हात!” म्हणून ओरडायचे. पाणी काळं, गार, तळाचा पत्ता नाही. अशा पाण्यात गटांगळ्या खाल्लेल्या बाईला लगूनमध्ये उताणं पडल्यावर पहिल्यांदा संशयच येतो की खालून कुणी धरलंय की काय.

बोटही या पाण्यासाठीच केल्यासारखी आहे. दोन बाजूंना दोन अरुंद तळ, त्यांच्यावर रुंद डेक, पुढच्या टोकाला जाळी ताणलेली. तळ फार खोल जात नाही म्हणून उथळ पाण्यात शिरता येतं, आणि दोन पायांवर उभी असल्याने ती एका अंगावर कलत नाही. ज्यांना बोट लागते अशा आमच्या भिशीतल्या दोघी लिंबू हुंगत चढल्या होत्या; अर्ध्या तासाने ती लिंबं कुणाच्या तरी ग्लासात गेली. चढतानाच चपला टोपलीत टाकायच्या आणि दिवसभर अनवाणी हिंडायचं. आम्ही पूर्व किनाऱ्यावरच्या त्रू-दो-दूसहून निघालो, इल-ओ-सेर्फ बेटाच्या बाजूने. त्या बेटावर गोल्फचं मैदान आहे, पॅराशूटला बांधून आकाशात फिरवणारे आहेत, दुकानं आहेत. तिथे उतरून उन्हात भटकण्यापेक्षा बोटीच्या जाळीवर पालथं पडून खालून सरकणारं पाणी बघणं मला केव्हाही पसंत.

जेवणाला नावं ठेवणार नाही. मागच्या बाजूला कठड्याला लावलेली शेगडी, तिच्यावर कोंबडी आणि मासे भाजले जात होते आणि वारा तो धूर बरोबर आपल्या नाकाशी आणून सोडत होता. भात, सॅलड, लसूण लावलेला पाव, शेवटी रममध्ये पेटवलेली केळी. फिनिक्स ही तिथली बिअर हवी तेवढी. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. ऐन वेळी सांगितलंत तर भात, पाव आणि काकडी एवढ्यावर दिवस काढावा लागेल.

‘सगळं धरून’ या व्यवस्थेचा खरा फायदा जेवणात नाही, हिशेबातून सुटका होण्यात आहे. परदेशात आपला मराठी माणूस कशाने दमत असेल तर गुणाकाराने. मॉरिशसचा रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या आसपास, म्हणजे पाण्याची बाटली केवढ्याला पडली, नारळ केवढ्याला, आणि दादरला तो केवढ्याला मिळतो. बोटीवर पर्सच नसते. सहा-सात तास कुणी कशाची किंमत विचारत नाही. पण गंमत बघा, गुणाकार थांबला की वसुली सुरू होते. पैसे भरलेत ना, मग अजून एक कोंबडीचा तुकडा. अजून एक ग्लास. भूक नसताना, तहान नसताना.

नांगर पडला आणि मागची शिडी पाण्यात सोडली तेव्हाचं दृश्य सांगते. बोटीवर शेजारच्या रियुनियन बेटावरून आलेलं एक कुटुंब होतं. त्यांची आजी, सुरकुतलेली, सडपातळ, सगळ्यांच्या आधी पाण्यात. मग नातवंडं धबाधब मुटके मारत. आमची भिशीची टोळी, चार-पाच नवऱ्यांसकट, डेकवर उभी. सगळ्यांनी नारिंगी जॅकेटं चढवली, आळीपाळीने शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून फोटो काढले आणि जॅकेटं उतरवून सावलीत जाऊन बसले. केस ओले होतील. कपडे आणले नाहीत. नंतर बघू. एक भाऊजी म्हणाले, “इथून पण दिसतंय की.”

यात मी कुणाला हसत नाही. यातल्या बहुतेकींना पोहायला कुणी शिकवलंच नाही, आणि ज्यांना शिकवलं त्यांना शहाण्या झाल्यावर विहिरीबाहेर काढलं. भाऊ उन्हाळाभर सूर मारत राहिले आणि आम्ही काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसलो. पन्नाशी-साठीत त्याच बायका समुद्राच्या काठावर पर्सा सांभाळतात. पुरुषांचंही फार वेगळं नाही. शहरात वाढलेल्यांना विहीर दिसली ती सिनेमात.

माझ्या थोरल्या वन्सं सदुसष्टच्या. आयुष्यात पाण्यात शिरल्या त्या घोट्यापर्यंत, तेही पंढरपूरला. त्यांना मी जवळजवळ हुकूम केला. सलवार-कमीज तसाच, डोक्याला घट्ट पंचा. शिडीवर पाठमोऱ्या, एकेक पायरी चाचपत, दोन्ही मुठी दांड्याला आवळलेल्या. खलाशाने काखेत धरायला फोमची लांब दांडी दिली. पाणी जेमतेम छातीला, तरी पहिली दहा मिनिटं गेली ती मान ताठ धरण्यात. मान ताठ ठेवली की कंबर खाली जाते, कंबर गेली की पाय जातात, पाय गेले की माणूस घाबरतो. “वन्सं, कान बुडू द्या. श्वास भरा आणि पोट वर.” कान बुडले तशी कंबर हळूच वर आली, मग गुडघे, मग पायाची बोटं. आणि कानात पाणी असल्याने स्वतःचा आवाज ऐकू येईना, म्हणून त्या लाऊडस्पीकरसारख्या ओरडून बोलायला लागल्या. “मला इथे खूप बरं वाटतंय! गुडघा दुखत नाहीये!” अख्ख्या बोटीने ऐकलं. जेवायला हाक मारली तर म्हणाल्या, “तुम्ही घ्या सुरू करून.” ज्या बाईने लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानाची जागा कधी सोडली नाही, तिने केळी पेटवायची वेळ आली तरी शिडी धरली नव्हती.

आमचं मराठी कानावर पडल्यावर शेगडीवरच्या खलाशाने विचारलं, “गणपती?” त्याचं घराणं कोकणातून उसाच्या मळ्यांवर आलेलं. तिथे असे पुष्कळ आहेत. गिरमिटियांच्या नोंदवह्यांत बापाचं नाव आडनाव होऊन बसलं, त्यामुळे अनेक मराठी घराण्यांची आडनावं आज ‘जी’ने संपतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि विसर्जन याच पाण्यात होतं. हा पठ्ठ्या घरी क्रिओल बोलतो, पण आरत्या त्याला तोंडपाठ. मोडक्या हिंदीत त्याने सांगितलेली गोष्ट मला झोंबली. भारतीय ग्रुप असला की आम्ही कोंबडी जास्त चढवतो, म्हणाला, आणि चष्मे-नळ्या कमी.

बिअरबद्दल एक. पिऊन पाण्यात उतरू नका आणि उतरू देऊ नका. लगून शांत असला तरी पोटात बिअर आणि डोक्यावर उष्ण कटिबंधातलं ऊन असताना माणसाला आपल्या ताकदीचा अंदाज राहत नाही. आधी पोहा, अंग पुसा, मग काय ते. माझ्या हातात असतं तर शिडी वर ओढेपर्यंत बोटीवरचा बार बंदच ठेवला असता. आणि पायात रबरी बूट हवेतच. प्रवाळात काटेरी समुद्री साळू असतात, दगडासारखा दिसणारा विषारी मासाही असतो. प्रवाळावर पाय द्यायचा नाही, तुमच्यासाठी नाही आणि त्याच्यासाठीही नाही. तो जिवंत असतो.

दिवसाला ‘रिलॅक्स’ म्हणायचं आणि त्यात डॉल्फिन कोंबायचे, हे टूरवाल्यांनी थांबवावं. पश्चिम किनाऱ्यावर तामारँच्या खाडीत सकाळी स्पिनर जातीचे डॉल्फिन येतात ते आराम करायला. रात्रभर खोल समुद्रात शिकार करून दमलेले असतात. आणि तेव्हाच दहा-पंधरा बोटी इंजिनं घुमवत त्यांच्या मागे लागतात. सुट्टीच्या दिवशी पहाटे पाचला उठायचं, ते दुसऱ्याची झोप मोडायला! आमच्या टूरवाल्यांकडेही हा ‘पॉइंट’ होता, वर एका खडकाचा पॉइंट आणि एका डोंगराचा. मी भांडून पूर्व किनाऱ्याची बोट घ्यायला लावली. जिथे काही बघायचं नाही अशा ठिकाणी लोकांना न्यायचं म्हणून ते शेवटपर्यंत माझ्याकडे संशयाने बघत होते.

त्याच पूर्व किनाऱ्याला थोडं खाली, पोइंत देस्नीजवळ, २०२० च्या जुलैमध्ये ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचं जहाज प्रवाळावर चढलं. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यातून तेल बाहेर यायला लागलं, सुमारे हजार टन. लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही. उसाचं पाचट कापडात ठासून त्याच्या लांबच लांब वळकट्या शिवल्या आणि तेल अडवायला समुद्रात सोडल्या. सांगलीकडे आम्ही पाचट शेतात पेटवून देतो. ज्यांची रोजी या पाण्यावर आहे, त्यांना तेच पाचट किती कामाचं आहे हे ठाऊक होतं. आम्ही ज्या पाण्यात उताण्या पडलो होतो ते असं राखलेलं पाणी आहे, आणि ते डेकवरून नुसतं बघायचं?

मी काही अलिबागला जाऊन उडी मारा म्हणत नाही. आपला किनारा उघडा आहे, भरती-ओहोटीची खेच आहे, पावसाळ्यात तर बोलायलाच नको. सहलीला गेलेली कॉलेजची मुलं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण. ७२० किलोमीटरचा किनारा असं शाळेत घोकलेल्या राज्यात पोहणं ही अजून ‘जमलं तर’ शिकायची गोष्ट आहे. टूर कंपन्या निघण्याआधी बैठक घेतात. त्यात मेतकूट किती न्यावं, चार्जरची पिन कोणती, चहा कुठे मिळेल, सगळं सांगतात. पोहण्याचा पोशाख यादीत नसतो. ‘निघायला दोन महिने आहेत, जवळच्या तलावावर नाव घाला’ असं सांगायला त्यांचं काय जातं?

पण नाव घालायला जावं तर तिथे वेगळीच तऱ्हा. आमच्या भागातल्या तलावात महिलांची बॅच भर दुपारी आहे. नोकरी करणारी ऑफिसात, शिक्षिका शाळेत, घरातली बाई ताटं वाढतेय. मग वहीत लिहितात, महिलांचा प्रतिसाद कमी. आम्ही भिशीतल्या सगळ्यांनी सह्या करून अर्ज दिला आहे. साहेब म्हणाले, बघू, संध्याकाळची वेळ पुरुषांची ठरलेली असते. साहेब, सहा ते आठ आम्हाला देऊन तर बघा. महिनाभरात तलाव भरून दाखवतो.