राजीनामा दिला आणि झोप उडाली

मागच्या पंधरवड्यात एक चाळिशीचे गृहस्थ दवाखान्यात आले. डोके दुखते, छातीत जळजळते, रात्री दोनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. रक्तदाब पाहिला, 160/100. एकदा मोजून निदान करू नये, म्हणून तीन दिवसांनी पुन्हा बोलावले. तेवढाच. वर्षापूर्वी तो अगदी ठीक होता. घरी काही काळजी आहे का, असे विचारले, तर नाही म्हणाले. निघता निघता मात्र दारात थांबले. ‘डॉक्टरसाहेब, मी नोकरीचा राजीनामा दिलाय.’

बारा वर्षे एका दुकानात हिशेब लिहिणारा हा माणूस. पगारात भागेना, दुसरीकडे काम मिळाले, म्हणून रीतसर महिन्याची नोटीस दिली. त्या दिवसापासून मालकांनी बोलणे टाकले. गल्ल्याच्या किल्ल्या काढून घेतल्या, टेबल गोदामाच्या तोंडाशी नेले. मागचा पगार ‘बघू’वर ठेवला. ‘आमचे मीठ खाल्लेस’ हे रोज ऐकवणे चालूच. कालपर्यंत विश्वासाचा माणूस, आज चोर!

अपमानाची जखम दिसत नाही, पण शरीर तिची नोंद ठेवते. धोका जाणवला की अॅड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, छाती धडधडते, रक्तवाहिन्या आकसतात. समोर साप आला तर हे उपयोगाचे. आपण बाजूला झालो की सारे शांत होते. पण जिथे रोज दहा तास बसायचे, तिथेच धोका असेल तर शरीराला उसंत मिळत नाही. मग झोप जाते, पित्त खवळते, मधुमेह्यांची साखर वाढते.

मालकांची अडचण मला कळते. शिकवून तयार केलेला माणूस गेला की हात मोडल्यासारखे होते. माझ्या दवाखान्यातील सिस्टरने सहा वर्षांनी दुसरीकडे जाते म्हणून सांगितले, तेव्हा मीही महिनाभर तिच्याशी कामापुरतेच बोललो. शेवटच्या दिवशी साधा चहा विचारला नाही. तो विसर नव्हता, राग होता. तिला त्या दिवसांत झोप लागत होती का, हे डॉक्टर असून मी विचारले नाही. ही चूक आजही बोचते.

नोटिशीचा महिना हा काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपवण्यासाठी असतो, शिक्षा म्हणून नव्हे. कायदाही तेच सांगतो. वेतन संहिता, 2019 प्रमाणे राजीनामा देणाऱ्याचे वेतन 2 कामाच्या दिवसांत चुकते करायचे असते. 10 किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी सलग 5 वर्षे नोकरी झाली असेल, तर वर्षामागे 15 दिवसांच्या वेतनाप्रमाणे ग्रॅच्युइटी मिळते, तीही 30 दिवसांत. हा हक्क आहे, उपकार नव्हे.

राजीनामा देणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळावीत. राजीनामा लेखी द्यावा, तारखेसह पोच घ्यावी. हिशेब लिहून सोपवावा. शब्दाला शब्द वाढवू नये. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या या गडबडीत चुकवू नयेत, आणि झोपेची गोळी मनाने तर मुळीच घेऊ नये. संध्याकाळी अर्धा तास चालावे, घरच्यांशी मन मोकळे करावे. छातीत दुखू लागले तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून घरी बसू नये, लगेच डॉक्टरांकडे जावे.

त्या गृहस्थांना औषध सुरू केले आहे, मीठ कमी करायला सांगितले आहे. पण त्यांच्या दुखण्याचे अर्धे औषध माझ्या कपाटात नाही, ते मालकांच्या हातात आहे. बारा वर्षे ज्याने आपले दुकान सांभाळले, त्याला शेवटच्या दिवशी हिशेब चुकता करून द्यावा, चहा पाजावा आणि म्हणावे, ‘येत जा.’ याला खर्च फारसा नाही.