स्वतःच्या गाडीवरची शासनाची पाटी उतरवा

आमच्या सोसायटीत एक पांढरी मोटार उभी असते. पुढच्या काचेआड लाल पाटी आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘महाराष्ट्र शासन’. मालक एका सरकारी खात्यात नोकरीला, माणूस सज्जन. गाडी मात्र त्यांची स्वतःची, कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. मध्यंतरी त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा ती चालवत होता. सीटबेल्ट लावलेला नव्हता. चौकातल्या हवालदाराने हात वर केला, पाटी पाहिली आणि हात खाली घेतला. मी मागच्या रिक्षात होतो. त्या पोराला त्या क्षणी जे शिकायला मिळालं, ते त्याच्या वडिलांनी त्याला कधीच शिकवलं नसतं.

सरकारी नोकरीतल्या बंधुभगिनींनो, म्हणून ही विनंती. स्वतःच्या गाडीवरची अशी पाटी काढून टाका. नोकरी तुमची आहे, गाडी शासनाची नाही.

नंबर प्लेटचे नियम तर अगदी स्वच्छ आहेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ५० वा नियम सांगतो की क्रमांक इंग्रजी अक्षरांत आणि १, २, ३ या मराठी आकड्यांऐवजी आंतरराष्ट्रीय अंकांत हवा. त्याच्याभोवती पद, खातं, ‘पोलीस’, ‘दादा’ असलं काही नको. प्लेटचा रंगच सगळं सांगतो. पांढरी खासगी, पिवळी भाड्याची, हिरवी विजेवरची, निळी परदेशी वकिलातींची. लष्कराच्या गाडीवर वर टोक केलेला बाण असतो. अधिकाऱ्याच्या घरच्या गाडीसाठी वेगळा रंग ठेवलेलाच नाही.

राजमुद्रेचं तर फार जपून. २००५ च्या कायद्याने तिच्या गैरवापराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मोटारीवर ती कोणी लावायची याची यादी नियमांत आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल अशी मोजकी पदं. ‘नेमप्लेटवाल्याने करून दिली’ हे उत्तर तिथे चालणार नाही.

आणि मोठ्यांनाही सूट उरलेली नाही. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयात प्रश्न आला, तेव्हा राष्ट्रपतींच्या आणि राज्यपालांच्या गाड्यांनाही नोंदणी क्रमांक दिसायला हवा, असंच ठरलं. नुसत्या राजमुद्रेवर गाडी फिरवायची नाही. कारण साधं आहे. अपघात झाला तर रस्त्यावरच्या माणसाला गाडी ओळखता यायला हवी. २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याची खासगी गाडी दिवा आणि शासनाच्या पाटीमुळे गाजली. ती शेवटी पोलिसांकडे जमा झाली.

सरकारी नोकराला खरोखर उपयोगी पडणारा नंबर एकच आहे, बीएच मालिकेचा. २०२१ पासून तो मिळतो. बदली झाली की नव्या राज्यात पुन्हा नोंदणीचा खटाटोप नको, म्हणून तो आणला. सरकारी कर्मचाऱ्याने आपलं ओळखपत्र जोडून अर्ज करायचा. कर एकदम पंधरा वर्षांचा न भरता दोन-दोन वर्षांचा भरता येतो. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरदारांनाही तो मिळतो, म्हणजे त्यातही रुबाब नाही, फक्त सोय आहे. वरचेवर बदली होत असेल तर अवश्य घ्या.

तुमचं पद लिहिलेलं ओळखपत्र पाकिटात असतंच. ड्युटीवर कुणी अडवलं तर ते दाखवा. पाटी मात्र आज घरी पोहोचलात की काढा, आणि मुलाच्या हाती किल्ली देण्याआधी त्याला ती काढताना बघू द्या.