'अल्प-उपयोगी' ससून गोदी

दिल्लीतील एका बैठकीत मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील जमिनींचा विषय निघाला असता एका सहकाऱ्याने ससून गोदीचा उल्लेख 'अल्प-उपयोगी भूखंड' असा केला. मी गप्प राहिलो. बैठकीत गप्प राहणे हा आमच्या सेवेचा जुना गुण आहे. पुढे रजेवर मुंबईस गेलो, तेव्हा एका पहाटे पाच वाजता कुलाब्याच्या त्या दरवाजातून आत शिरलो आणि तो अल्प उपयोग डोळ्यांनी पाहिला.

धक्क्याला एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी अशा बोटी उभ्या होत्या. टोपल्या हातोहात वर येत होत्या, लिलाव पुकारला जात होता, बर्फाचा भुगा पडत होता आणि हातगाडीवाले ओरडत वाट काढत होते. कडेला ओळीने बसलेल्या बायका कोळंबी सोलत होत्या. पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हे वर येईपर्यंत यातला बराच माल शहरभर पांगलेला असतो.

ही गोदी आल्बर्ट ससून यांनी १८७५ साली बांधली. मासळीचा तेव्हा विचारही नव्हता. हेतू व्यापारी जहाजांचा, विशेषतः कापसाचा होता. १८७९ मध्ये सरकारने ती विकत घेतली. १८८० साली प्रिन्सेस डॉक सुरू झाला आणि मोठी जहाजे तिकडे वळली. म्हणजे मूळ धंद्याच्या दृष्टीने ही गोदी पाच-सात वर्षांतच मागे पडली, आणि ज्यांच्यासाठी ती बांधलीच नव्हती त्यांनी तिला आजवर कामात ठेवले. मालमत्तेचा याहून चांगला उपयोग कोणता, हे आमच्या भूखंडतज्ज्ञांनी सांगावे.

त्यांचा युक्तिवाद अर्थशास्त्राचा आव आणतो. कुलाब्यातील जमिनीचा बाजारभाव पाहा, म्हणतात, आणि मासळीचे भाडे पाहा. हा विषय मीही शिकलो आहे. जमिनीचा भाव निसर्गाने ठरवलेला नसतो. तिथे किती मजले चढवू द्यायचे हे शासनाची लेखणी ठरवते, आणि मग त्याच लेखणीने निर्माण केलेल्या भावाचा दाखला देऊन शासनच म्हणते की जमीन वाया जाते आहे. या न्यायाने ल्युटेन्सच्या दिल्लीतील बंगले, ज्यांच्या हिरवळीवर आमचे वरिष्ठ सकाळचा चहा घेतात, सर्वांत आधी अल्प-उपयोगी ठरतील. तो ठराव कोणी मांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

गोदी घाण आहे, हे मला मान्य आहे. मासळी जमिनीवर ओतली जाते, पाण्याचा निचरा नाही, वास असह्य आहे. परंतु कारण पाहा. मोठी बंदरे केंद्राच्या सूचीत, मत्स्यव्यवसाय राज्याच्या सूचीत, कचरा आणि नळ महापालिकेकडे. एक गटार दुरुस्त करायचे तर तीन दरबारी पत्रे लिहावी लागतात. आधी निगा सोडायची आणि मग दुर्दशा दाखवून जागा रिकामी करायला सांगायचे, ही रीत मी तीस वर्षे अनेक खात्यांत पाहिली आहे.

१८७३ पासून मुंबई बंदराचा कारभार विश्वस्त मंडळाकडे होता. २०२१ च्या कायद्याने 'ट्रस्ट' जाऊन 'प्राधिकरण' आले. नव्या मंडळावर राज्य शासन, रेल्वे, संरक्षण आणि सीमाशुल्क यांचे सदस्य आहेत, कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी आहेत, स्वतंत्र सदस्यही आहेत. महापालिकेला आणि मच्छीमारांना मात्र कायद्याने हक्काची जागा नाही. ज्यांच्या जगण्याचा निर्णय व्हायचा, ते दाराबाहेर. प्रत्येकी एक खुर्ची वाढवायला किती खर्च येतो? त्याआधी निचऱ्याची व्यवस्था, स्वच्छ पाणी आणि लिलावासाठी उंच ओटे करावेत. एवढे केल्यावर जमिनीच्या भावाची चर्चा खुशाल करावी.

निघताना एका कोळणीने, हातातली कोळंबी न थांबवता, विचारले, "साहेब, तुमी सरकारी दिसता. आमाला हितनं हलवनार म्हंतात, खरं काय?"

"विषय विचाराधीन आहे, मावशी," मी म्हणालो. तोंडून दुसरे काही आलेच नाही.