परक्यांच्या ताटाची काळजी, घरच्यांचे काय?

नाशिक-सांगलीचे द्राक्ष युरोपात पोहोचते, तेव्हा त्याच्या पेटीवरून ते कोणत्या बागेत पिकले याचा माग काढता येतो. ही व्यवस्था ठेच लागल्यावर उभी राहिली. २००३ साली कीटकनाशकांच्या अंशांवरून युरोपात भारतीय द्राक्षांवर आक्षेप आले. त्यानंतर ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय प्रणाली आणली. बागेची नोंदणी, तोडणीपूर्वी प्रयोगशाळेत नमुन्यांची तपासणी आणि मगच निर्यात, असा दंडक पडला. तरीही २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे माल अडला आणि बागायतदार पुरता पोळला. यंत्रणा कितीही आधुनिक असो, दक्षतेत खंड पडून चालत नाही, हाच त्याचा बोध.

परंतु मूळ प्रश्न वेगळाच आहे. निर्यातीच्या द्राक्षाची अशी कसून परीक्षा होते. पुण्या-मुंबईच्या मंडईतील घड मात्र कोणत्या बागेतला, त्यावर कोणती फवारणी झाली, हे गृहिणीला कोण सांगणार? अन्नसुरक्षेचा कायदा २००६ साली झाला; तो कागदावरून मंडईपर्यंत उतरायला हवा.

तपासणीचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. १९९१ साली सहकारातून ‘महाग्रेप्स’ उभी करणाऱ्या महाराष्ट्राला सामायिक प्रयोगशाळा अशक्य नाहीत. बाजार समित्या व शासनाने त्यांचा भार उचलावा. ग्राहकानेही निर्दोष मालाला चार पैसे अधिक मोजावेत. अन्नाला परब्रह्म मानणाऱ्या समाजाने स्वतःच्या मुलांच्या ताटाला परदेशी ग्राहकाच्या ताटाहून कमी लेखावे, यासारखी दुसरी आत्मवंचना नाही.