थांबत जाणारी वाट

आईने प्रवास सोडला, त्याला सहा वर्षे झाली होती. कारण विचारले की ती म्हणे, “आता पाहायचे काय राहिले आहे?” खरे कारण मला फार उशिरा कळले. बाहेर जायच्या दिवशी ती लघवीची गोळी गुपचूप टाळत असे आणि घरी परतेपर्यंत घोटभर पाण्यापलीकडे काही घेत नसे. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने तिचे पाय घरातच बांधून ठेवले होते.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही कॅम्पर गाडी भाड्याने घेतली. आत बिछाना, लहानशी शेगडी आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृह. कोल्हापूरहून निघून आजरा-चंदगडच्या बाजूला गेलो. पावसाळ्यात पर्यटकांचे लोंढे आंबोलीकडे धावतात. सुगीच्या दिवसांत मात्र हा मुलूख आपल्याच कामात मग्न असतो. आजऱ्याजवळ रामतीर्थाला हिरण्यकेशीचे पाणी खडकांवरून उतरताना पाहिले. पुढे एका शेताच्या कडेला आईसाठी खुर्ची मांडली. भाताची कापणी चालली होती.

“घनसाळ का गं हा?” आईने विचारले.

“व्हय आजी, वासानंच कळतंय की!” कापणाऱ्या बाईने विळा न थांबवता उत्तर दिले.

आई हसली आणि कोणी न सांगता तांब्याभर पाणी प्याली. माझा प्रवास तिथेच सुफळ झाला.

वाचकहो, अशी सोय लाभली तरी सावधपण सोडू नये. लघवीच्या गोळीची वेळ प्रवासात बदलावी का, किती पाणी प्यावे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांनाच विचारावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तर अवश्य. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून चार पावले चालावे, कारण फार वेळ बसून राहिल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे. ते गोठू देऊ नये. गाडी चालू असताना ज्येष्ठांनी आत उठून फिरू नये, पट्टा बांधून बसावे. गाडीची पायरी उंच असते. खाली न हलणारा, रुंद पाट ठेवावा आणि उतरताना हात द्यावा. रात्री मंद दिवा असावा. शेगडी पेटवताना खिडकी उघडी ठेवावी आणि निजण्यापूर्वी गॅस बंद करावा.

शांत प्रदेशाची एक किंमत असते: दवाखाना दूर आणि मोबाईलला संपर्क नाही. म्हणून आम्ही प्रत्येक मुक्कामापासून गडहिंग्लज वा बेळगाव किती दूर, हे आधीच कागदावर लिहिले होते. त्याखाली औषधांची यादी आणि रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक. तो कागद उघडावा लागला नाही. परंतु तो जवळ होता म्हणूनच मला रात्री झोप लागली.

आपल्या घरातील वडीलधारे “नको” म्हणतात, तेव्हा त्यामागे कोणती अडचण दडली आहे, हे एकदा हळुवारपणे विचारून पाहावे. परवा आईने स्वतःच विचारले, “आता पुढे कुठे?”