दुभाष्याची अमानत

मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबादच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत आता परदेशी रुग्णांसाठी वेगळा काउंटर असतो. तिथे इंग्रजीबरोबर अरबीतली पाटी दिसते. इराक, येमेन, ओमान, सुदानहून आलेली कुटुंबे हातात फायली आणि एमआरआयच्या पिशव्या घेऊन बसलेली असतात. कुणाच्या पित्ताशयात खडे आहेत, कुणाला हर्निया आहे, कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग, तर कुणाचे यकृतच बदलायचे आहे. त्यांच्यासोबत एक तरुण उभा असतो. डॉक्टर हिंदी-इंग्रजीत बोलतात, तो अरबीत सांगतो. रुग्ण अरबीत विचारतो, तो हिंदीत सांगतो. बहुतेक वेळा हा तरुण आपल्यातलाच असतो. मदरशातून आलिम होऊन बाहेर पडलेला, महाविद्यालयात अरबी शिकलेला, किंवा आखातात काही वर्षे नोकरी करून परतलेला. या वेळचे संपादकीय त्याच्यासाठी आहे, आणि हे काम करण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकासाठी.

हे रुग्ण इथे का येतात, हे आधी समजून घेऊ. इराकमध्ये २००३ नंतरच्या हिंसाचारात असंख्य डॉक्टर देश सोडून गेले. येमेनमध्ये युद्धाने रुग्णालये मोडकळीस आणली. सना शहराचा विमानतळ ऑगस्ट २०१६ पासून मे २०२२ पर्यंत नेहमीच्या प्रवासी विमानांना बंद होता. त्या काळात उत्तर येमेनमधल्या रुग्णाला आधी रस्त्याने कित्येक तास प्रवास करून एडन किंवा सय्यून गाठावे लागे आणि मग विमान मिळे. पोटात गाठ असलेला माणूस असा प्रवास हौसेने करत नाही. युरोप-अमेरिकेतला खर्च त्याला झेपत नाही. भारतात कुशल सर्जन आहेत, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आता रोजची झाली आहे आणि खर्च त्या मानाने बराच कमी आहे. तरी हा 'कमी' खर्चसुद्धा घर विकून, दागिने मोडून, नातेवाइकांकडून उसने घेऊन उभा केलेला असतो. वैद्यकीय व्हिसावर रुग्णासोबत दोन जणांना येता येते. एवढ्या तीन माणसांच्या भरवशावर ते अनोळखी देशात उतरतात. चौथा भरवसा दुभाष्याचा.

मराठवाड्यातल्या वाचकांना ही माणसे फार परकी वाटू नयेत. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून आलेल्या अरबांचे वंशज, आपले चाऊस बांधव, औरंगाबाद, नांदेड, परभणीत पिढ्यानपिढ्या राहत आहेत. तेच हद्रमौत आज येमेनमध्ये आहे. सय्यूनचा विमानतळही तिथलाच.

आता मूळ मुद्दा. दुभाष्याचे पैसे कुणाकडून येतात? रुग्णाला वाटते, हा आपला माणूस आहे. नावाने, सलामाने, भाषेने आपला. पण अनेक ठिकाणी त्याची खरी कमाई रुग्णालयाकडून येते, आणि तीही बिलाच्या टक्क्यांत. बिल जितके मोठे, तितका त्याचा हिस्सा मोठा. म्हणजे डॉक्टर म्हणाले की 'ही शस्त्रक्रिया आत्ता केली नाही तरी चालेल', तर ते वाक्य भाषांतरित करण्यात दुभाष्याचे नुकसान आहे. रुग्णाने विचारले की 'दुसऱ्या डॉक्टरचे मत घेऊ का?', तर त्या प्रश्नातही त्याचे नुकसान आहे. माणूस कितीही भला असो, अशा व्यवस्थेत त्याची जीभ रोज तराजूत टाकली जाते. आपल्याकडे डॉक्टरांच्या बाबतीत याला 'कट प्रॅक्टिस' म्हणतात. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणे आणि देणे डॉक्टरांना मना केले आहे. मात्र ही आचारसंहिता डॉक्टरांना लागू आहे. मध्यस्थ तिच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्रात २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार झाला, पण त्याचा कायदा झाला नाही. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या 'एनएबीएच' या संस्थेने वैद्यकीय प्रवासाच्या मध्यस्थांसाठी नोंदणीची एक योजना केली आहे, पण त्यात येणे न येणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.

प्रामाणिक असूनही चूक होऊ शकते, हे दुसरे संकट. मदरशात शिकवली जाते ती ग्रंथांची अरबी. रुग्ण बोलतो ती त्याच्या गावची. इराकी माणूस 'नफ्सी तिल्अब' म्हणतो. शब्दशः अर्थ लावला तर 'माझा जीव खेळतोय'. ग्रंथांची अरबी शिकलेल्याला वाटेल, याचे मन अस्वस्थ आहे. त्याला सांगायचे असते: मला मळमळते आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मळमळ वाढणे ही गंभीर खूण असू शकते. आतड्याचा जोड गळत असेल किंवा आतडे अडकले असेल. ती खूण 'पेशंट जरा घाबरलाय' या वाक्यात हरवली तर एक रात्र वाया जाते, आणि पोटाच्या आजारात एक रात्र फार मोठी असते. आपल्या भाषांतही हा घोळ आहेच. उर्दूत 'जिगर' म्हणजे यकृत, आणि शायरीत तेच काळीज. म्हणून न समजलेला शब्द अंदाजाने पुढे ढकलू नये. 'कुठे दुखते ते बोट ठेवून दाखवा, कधीपासून, काय खाल्ल्यावर' असे परत विचारावे. 'मला समजले नाही' म्हणण्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड: जे सांगायचे नसते ते. मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगात कधी कधी आतड्याचे तोंड पोटावर बाहेर काढावे लागते आणि तिथे पिशवी लावावी लागते. काहींना काही महिन्यांसाठी, काहींना कायमची. घरचे म्हणतात, 'त्यांना सांगू नका, ते ऑपरेशनलाच नकार देतील.' दुभाषा गप्प बसतो. रुग्ण शुद्धीवर येतो आणि त्याला पोटावर पिशवी दिसते. मग पहिला प्रश्न येतो: माझी नमाज होणार का? आपल्याकडे फिक्हमध्ये याचे उत्तर आहे. ज्याला सतत असा उज्र आहे तो 'माजूर' ठरतो. हनफी मतानुसार त्याने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी नवा वुजू करावा आणि नमाज अदा करावी. हे उत्तर शस्त्रक्रियेच्या आधी मिळाले असते तर त्याचा निम्मा घोर तिथेच संपला असता. लपवून त्याला दिलासा मिळाला नाही, फक्त त्याचा निर्णय दुसऱ्यांनी घेतला.

औषधांचेही तसेच. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते हेपरिन डुकराच्या आतड्यापासून बनते. स्वादुपिंड काढल्यावर अन्न पचावे म्हणून देतात त्या कॅप्सूलमधली पाचक द्रव्येही डुकराच्या स्वादुपिंडातून येतात. काही दुभाषे हे मुद्दाम लपवतात, काही स्वतःच मुफ्ती बनून रुग्णाला घाबरवतात. दोन्ही चुकीचे. डॉक्टरांना विचारावे की पर्याय आहे का आणि तो तितकाच सुरक्षित आहे का. रुग्णाला ते जसेच्या तसे सांगावे. जीव वाचवण्याच्या गरजेत शरियतने सवलत ठेवली आहे, हे बहुतेक उलेमा सांगतात. रुग्णाला हवे असेल तर त्याला आलिमाशी बोलू द्यावे. निर्णय त्याचा.

आणि रुग्ण बाई असेल तर? प्रश्न तिला विचारला जातो, उत्तर नवरा किंवा भाऊ देतो, दुभाषा तेच पुढे पोहोचवतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हा विषय स्पष्ट केला. एका प्रौढ स्त्रीने तपासणीसाठी दुर्बिणीला संमती दिली होती. ती भुलीत असताना तिच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. न्यायालयाने सांगितले, ही संमती नव्हे. जिवाला तातडीचा धोका नसेल तर सज्ञान रुग्णाची संमती तिची तिनेच द्यायची असते, आणि पुरेशी माहिती मिळाल्यावर. भारतातल्या रुग्णालयात येणाऱ्या परदेशी बाईलाही हेच लागू आहे. म्हणून अरबी शिकलेल्या आपल्या मुलींनी या कामात यावे असे आम्हाला मनापासून वाटते. अंगावरून जाणे, मूळव्याध, शौचाचा त्रास या गोष्टी बाई परपुरुषासमोर बोलत नाही, आणि न बोललेल्या आजाराचे निदान होत नाही.

यकृत प्रत्यारोपणात तर दुभाषा थेट कायद्याच्या दारात उभा असतो. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली. दाता किंवा रुग्ण परदेशी असेल तर प्राधिकार समितीची पूर्वपरवानगी लागते. रुग्ण परदेशी आणि दाता भारतीय असेल तर ते जवळचे नातेवाईक असल्याशिवाय परवानगी मिळत नाही. समितीसमोर दात्याला विचारतात: तू स्वखुशीने देतोस का, पैसे घेतलेस का? तिथे दुभाष्याने शिकवलेले उत्तर वदवून घेतले, किंवा 'चुलत' शब्दाच्या जागी 'सख्खा' घातला, तर तो गुन्ह्यात सामील होतो. त्यातून कुणा गरिबाच्या यकृताचा तुकडा विकला जातो. 'मी फक्त भाषांतर केले' हा बचाव ना न्यायालयात टिकेल, ना अल्लाहसमोर.

आपल्या परंपरेत दुभाष्याचे स्थान मोठे आहे. मदिनेत पत्रव्यवहार वाचण्यासाठी प्रेषितांनी (स.) हजरत ज़ैद बिन साबित यांना यहुद्यांची लिपी शिकायला सांगितले, कारण मजकूर विश्वासाच्या माणसाकडूनच समजायला हवा होता. काझीसमोरचा दुभाषा एक पुरेसा की दोन हवेत, यावर फुकहांनी चर्चा केली. दोन हवेत म्हणणाऱ्यांच्या मते त्याचे बोलणे साक्षीसारखे आहे. भूल देण्याआधी जो माणूस रुग्णाच्या कानाशी बोलतो, त्याचे बोलणे त्याहून हलके कसे मानायचे?

मग करायचे काय? हे काम सोडून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. कष्टाची, गरजेची आणि हलाल कमाई यात आहे. पण काही नियम स्वतःला घालून घ्यावेत. भाषांतराचे पैसे दिवसाच्या किंवा तासाच्या हिशेबाने ठरवावेत, बिलाच्या टक्क्यांवर नाही. रुग्णालय आपल्याला काही देत असेल तर ते रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगावे. खोली, जेवण, टॅक्सी, औषधे यांत लपवून हिस्सा घेऊ नये. संमतीपत्र वाचून दाखवताना चार गोष्टी सुटू देऊ नयेत: काय करणार, काय बिघडू शकते, दुसरा पर्याय कोणता, आणि दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया पोट उघडून पूर्ण करावी लागली तर खर्च किती वाढेल. परत जाताना शस्त्रक्रियेचा तपशील, बायोप्सीचा अहवाल आणि औषधांची यादी रुग्णाच्या हाती आहे का, हे पाहावे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर विमानप्रवासासाठी साधारण दहा दिवस थांबायला सांगतात. तिकीट स्वस्त मिळतेय म्हणून डॉक्टरांना न विचारता ते आधीचे काढू नये.

रुग्णालयांकडे आणि सरकारकडेही आपण मागणी करायला हवी. दुभाष्यांची सक्तीची नोंदणी, छोटे प्रशिक्षण, आणि मध्यस्थांना दिलेल्या प्रत्येक कमिशनची बिलावर स्पष्ट नोंद. आपली चळवळ हा विषय लावून धरेल.

शेवटी एक गोष्ट आपल्या मोहल्ल्यासाठी. परदेशी रुग्ण ज्या रुग्णालयांत येतात, त्यांतली काही धर्मादाय न्यासांची आहेत. महाराष्ट्राच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक आणि २००६ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. मालेगावचा यंत्रमाग कामगार किंवा मुंब्र्याची घरकाम करणारी बाई पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढते, कारण ही खाट मागायची कुठे, हे तिला कुणी सांगितलेले नसते. जो तरुण रोज परदेशी रुग्णांच्या काउंटरवर उभा असतो, त्याला समाजसेवा विभागाचा दरवाजा माहीत असतो. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन आलेल्या माणसाला तिथवर नेऊन सोडायला त्याला अरबीची गरज नाही. आठवड्यातला एक तास त्याने यासाठी काढावा, एवढीच विनंती.