मुंबई विरुद्ध महाराष्ट्र: नव्वद वर्षांचे शेजारवैर आणि त्यातून निसटलेला मराठवाडा

१/ २१ मे २०१७, हैदराबाद. आयपीएलच्या अंतिम सामन्यात मुंबई इंडियन्सने १२९ धावा केल्या आणि रायझिंग पुणे सुपरजायंटला १२८ धावांवर रोखले. त्या हंगामात पुण्याने तत्पूर्वी तीन वेळा मुंबईला हरवले होते. दीडशे किलोमीटर अंतरावरील दोन शहरांत चुरस पेटण्यास याहून अधिक काय हवे? परंतु पुढच्या हंगामात पुण्याचा संघच उरला नव्हता. त्याची मुदत दोन वर्षांचीच होती.

२/ त्या संघापाशी पैसा होता, तारांकित खेळाडू होते. पाठीशी शाळा, क्लब, जिल्हे मात्र नव्हते. संघ विकत घेता येतो, वैर पिढ्यान्‌पिढ्या जोपासावे लागते. याच परिसरातील एक जुने वैर त्याची साक्ष देते: रणजी करंडकातील मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. त्याचा इतिहास बहुधा मुंबई आणि पुणे या दोन शहरांची गोष्ट म्हणून सांगितला जातो. ती मांडणी अपुरी आहे, आणि मराठवाड्याच्या बाजूने पाहिल्यास अन्यायाचीही आहे. हा थ्रेड त्याविषयी.

३/ आरंभ नावापासून करावा लागेल. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला आणि पहिलेच विजेतेपद मुंबईने पटकावले. महाराष्ट्र राज्य स्थापन व्हायला तेव्हा पंचवीस वर्षे अवकाश होता. तरीही पुण्यात केंद्र असलेल्या संघाने ‘महाराष्ट्र’ हे नाव धारण केले. इलाख्याची राजधानी एका बाजूला आणि तिच्याच पाठीमागचा मुलूख दुसऱ्या बाजूला, अशी ही विभागणी होती. राजकीय नकाशावर उमटण्यापूर्वीच महाराष्ट्र धावफलकावर उमटला होता.

४/ या दोन शहरांतील ओढाताण रणजीहूनही जुनी आहे. पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखत गोलंदाजी शिकले. त्यांचे नाव गाजले ते मुंबईत, हिंदू संघाकडून. दलित असल्यामुळे पुण्यात सहकाऱ्यांनी त्यांना चहाचा पेलाही वेगळा दिला. खेळ पुण्याने घडवावा आणि कीर्ती मुंबईने द्यावी, हा क्रम तेव्हापासूनचा. मात्र त्यामागे केवळ मुंबईचे आकर्षण नव्हते, जुन्या घराने नाकारलेली प्रतिष्ठाही होती. गुणवत्ता स्थलांतर का करते, याचे उत्तर शोधताना हे विसरता येत नाही.

५/ महाराष्ट्राचे सुवर्णयुग अल्पकाळाचे, पण लखलखीत होते. दिनकर बळवंत देवधर हे पुण्याच्या स. प. महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन वेळा रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या हंगामात मुंबईविरुद्ध दोन्ही संघांनी पहिल्या डावात सहाशेची मजल ओलांडली. त्यात देवधरांच्या धावा होत्या २४६, आणि वय होते अठ्ठेचाळीस. महाराष्ट्राच्या नावावर आजही हीच दोन विजेतेपदे आहेत.

६/ तो संघ विस्कटला कसा? १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा करणारे सांगलीचे विजय हजारे लवकरच बडोद्याला गेले. संस्थानाचा आश्रय खेळाडूला जी निश्चिंती देई, ती देण्याचे सामर्थ्य पुण्यातील संघटनेत नव्हते. १९४३-४४ मध्ये महाराष्ट्राच्याच गोलंदाजीवर विजय मर्चंट यांनी मुंबईसाठी नाबाद ३५९ धावा काढल्या. शेजाऱ्याची ताकद वाढत होती आणि आपल्या घरातील माणसे बाहेर पडत होती.

७/ तरीही चुरस संपली नव्हती. १९४८-४९ च्या हंगामात पुण्यात झालेला उपांत्य सामना पाहा. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४ (डाव घोषित). महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. मुंबई ३५४ धावांनी विजयी. एका सामन्यात २,३७६ धावा आणि नऊ शतके! प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका सामन्यातील सर्वाधिक धावांचा हा जागतिक विक्रम आजही अबाधित आहे. हजाराहून अधिक धावा करूनही महाराष्ट्र हरला. पुढील अनेक दशकांचे प्राक्तनच त्या धावफलकात लिहिलेले दिसते.

८/ कारण त्याच सुमारास मुंबईत पाया रचला जात होता. १९४८ मध्ये कांगा लीग सुरू झाली. भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर, नवखा पोरगा कसोटीपटूसमोर उभा राहू लागला. त्याआधीपासून शाळांसाठी हॅरिस शील्ड होती, कार्यालयांसाठी टाइम्स शील्ड होती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क ही सारी मैदाने लोकलच्या टप्प्यात. बँका आणि कंपन्या खेळाडूंना नोकरी देत. या यंत्रणेने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा विजेतेपदे मुंबईला मिळवून दिली.

९/ त्या पंधरांपैकी एक विशेष बोलके आहे. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात महाराष्ट्र समोर होता. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड हे मुंबईचे मोहरे भारतीय संघासोबत वेस्ट इंडीजमध्ये होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने तो सामना ४८ धावांनी जिंकला. महाराष्ट्राला यापेक्षा चांगली संधी क्वचितच मिळाली असती. त्या दिवशी मुंबईचे वाडेकर वा गावसकर खेळत नव्हते. त्यांची मैदाने, शाळा आणि क्लब खेळत होते.

१०/ आता या कथेत मराठवाडा कोठे आहे, हे पाहू. रणजी करंडक सुरू झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. क्रिकेटमध्येही त्याचे केंद्र हैदराबाद होते, आणि त्या संघाने १९३७-३८ मध्ये करंडकही जिंकला होता. पुण्यात २,३७६ धावांचा तो सामना रंगला तेव्हा १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तीला वर्षही उलटले नव्हते. १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. अर्थात तो ‘महाराष्ट्र’ संघात आला तेव्हा घराची मांडणी आधीच झाली होती. बैठकीची खोली पुण्यात होती.

११/ विदर्भही १९५६ मध्येच मुंबई राज्यात आला. त्याला मात्र १९५७-५८ पासून रणजीत स्वतःचा संघ मिळाला. एकाच वेळी नव्या राज्यात आलेल्या दोन प्रदेशांपैकी एकाला क्रिकेटमध्ये स्वतःचे घर लाभले आणि दुसरा मोठ्या वाड्यातील मागची खोली झाला. पुढे काय घडले, हे या फरकाशिवाय समजत नाही.

१२/ मराठवाड्यात गुणवत्ता नव्हती काय? डिसेंबर २००१ मध्ये मोहाली येथे इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत दोन मराठवाडी खेळाडूंनी एकाच वेळी पदार्पण केले. औरंगाबादेत जन्मलेले इक्बाल सिद्दिकी आणि बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर. सिद्दिकी महाराष्ट्राकडून पुढे आले, बांगर रेल्वेकडून. दोघांपैकी एकाला तरी राज्याच्या संघाबाहेरचा मार्ग धरावा लागला. साठ वर्षांपूर्वी हजारे बडोद्याला गेले, त्याच वाटेचा हा पुढचा टप्पा म्हणावा लागेल.

१३/ जानेवारी २०१४, वानखेडे स्टेडियम, रणजीची उपांत्यपूर्व फेरी. गतविजेती मुंबई आपल्या अंगणात खेळत होती. महाराष्ट्राने तो सामना आठ गडी राखून जिंकला. दुसऱ्या डावात केदार जाधव नाबाद १२० आणि त्यांच्यासोबत एकोणीस वर्षांचा विजय झोल नाबाद ९१. झोल जालन्याचा. मुंबई-महाराष्ट्र वैरातील अलीकडचा सर्वांत मोठा विजय साकारताना एका टोकाला मराठवाडा उभा होता. महाराष्ट्राने त्या वर्षी अंतिम फेरी गाठली.

१४/ ऑक्टोबर २०१६, पुन्हा वानखेडे, समोर दिल्ली. स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, आणि दोघांची अभेद्य भागीदारी ५९४ धावांची. रणजीच्या इतिहासातील ती तोवरची सर्वांत मोठी भागीदारी होती. बावणे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून आलेला. मुंबईच्या मैदानावर महाराष्ट्राच्या नावाने नोंदला गेलेला हा विक्रम. त्याची निम्मी मालकी मराठवाड्याकडे जाते. तरीही या संघाचा उल्लेख बोलण्यात ‘पुण्याचा संघ’ असाच होतो.

१५/ यावर एक आक्षेप संभवतो. निवड गुणवत्तेवर होते. झोल आणि बावणे पोहोचलेच ना? मग तक्रार कसली? या युक्तिवादात एक फसगत आहे. जे पोहोचले ते दिसतात. जे जालन्याहून सुमारे तीनशे किलोमीटरवरील पुण्यात खोली घेऊन राहू शकले नाहीत, ते कोणत्याच धावफलकावर नसतात. मुंबईतील मुलगा सकाळी लोकलने मैदानावर जातो आणि संध्याकाळी घरी येतो. मराठवाड्यातील मुलाला त्याच खेळासाठी घर सोडावे लागते. दोघांची गुणवत्ता समान मानली, तरी त्या गुणवत्तेची किंमत समान नाही. ती मोजताना शेतकरी कुटुंबाच्या एका हंगामाचा हिशेब मांडावा लागतो.

१६/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साधने तुटपुंजी असतील तर ती एका ठिकाणी एकवटणेच शहाणपणाचे नाही काय? मुंबईचे यश तरी एकवटलेल्या मैदानांचेच नाही का? खरे आहे, परंतु मुंबईची मैदाने तिच्या खेळाडूंच्या वस्तीत एकवटली होती. महाराष्ट्राच्या संघाचा मुलूख कोकणापासून खानदेशापर्यंत आणि कोल्हापूरपासून नांदेडपर्यंत पसरला आहे. शहराचे प्रारूप मुलखाला लावले की मुलखाचा बहुतांश भाग प्रेक्षक होतो.

१७/ विदर्भाचे उदाहरण येथे निर्णायक ठरते. साठ वर्षे हा संघ रणजीत पराभव पचवत राहिला. पण घर स्वतःचे होते. निवासी अकादमी उभी राहिली. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, वसीम जाफर खेळाडू म्हणून, दोघेही मुंबईचे. २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये विदर्भाने करंडक जिंकला. २०२३-२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईने त्यांना १६९ धावांनी हरवून बेचाळिसावे विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षी नागपुरात उपांत्य फेरीत विदर्भाने मुंबईला ८० धावांनी नमवले आणि नंतर करंडकही जिंकला. आज मुंबईचा खरा शेजारी प्रतिस्पर्धी नागपूर आहे, आणि तो मान पुण्याकडून तिकडे गेला आहे.

१८/ महाराष्ट्राला याचे भान आलेले दिसते, पण उपाय पुन्हा जुन्याच वळणाचे आहेत. २०२५ मध्ये मुंबईचा पृथ्वी शॉ महाराष्ट्राच्या संघात आला. बाळूंच्या काळापासूनचा प्रवाह एकदा उलटा वाहिला, ही गंमत खरी; पण आयात केलेल्या फलंदाजाने पाया रचला जात नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. तिच्यात ‘छत्रपती संभाजी किंग्ज’ हा संघ होता. त्या पहिल्या हंगामात त्याचे सामने झाले कोठे? पुण्याजवळ गहुंजे येथे. ज्या शहराचे नाव जर्सीवर, त्या शहरापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर.

१९/ नाव देणे आणि घर देणे यांत जे अंतर आहे, तेच रायझिंग पुणे सुपरजायंटला विरून जाण्यास कारण ठरले. प्रेक्षकाला संघ आपला वाटतो तो त्याच्या गल्लीतील मुलगा त्या संघात जाण्याची वाट दिसते म्हणून. कबड्डीत यू मुंबा आणि पुणेरी पलटण यांची चुरस २०१४ पासून टिकली, कारण मातीतला हा खेळ गावोगावच्या मंडळांत आधीपासून जिवंत होता. मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवले तेव्हा कर्णधार अस्लम इनामदार होता, अहिल्यानगर जिल्ह्यातला. मैदान जवळ असले की मुलूख संघात उतरतो.

२०/ म्हणून मागणी साधी आहे. स्वतंत्र मराठवाडा संघाची घोषणा तूर्त बाजूला ठेवली तरी चालेल. छत्रपती संभाजीनगरात महाराष्ट्र संघटनेचे निवासी प्रशिक्षण केंद्र असावे. नाशिक आणि सोलापूरला रणजी सामने जातात, तसे ते दर हंगामात मराठवाड्यातही ठरलेले असावेत. आणि लीगमधील संघाने ज्या शहराचे नाव घेतले, तेथे त्याने खेळावे. सोळा वर्षांच्या मुलाला चेंडूचा आवाज जवळून ऐकू यावा, एवढाच याचा अर्थ.

२१/ मुंबईविरुद्धच्या वैरात महाराष्ट्राला मुंबईने जितके हरवले, त्याहून अधिक त्याला स्वतःच्या मुलखाकडे फिरवलेल्या पाठीने हरवले. ४२ विरुद्ध २ हा हिशेब बदलायचा असेल, तर १९३४ मध्ये घेतलेल्या नावाचे ऋण आधी फेडावे लागेल. ‘महाराष्ट्र’ हे नाव पुण्याने मोठ्या हिमतीने उचलले होते. त्या नावात जालना आहे, पैठण आहे, बीड आहे, नांदेड आहे. मुंबईला खराखुरा शेजारी हवा असेल, तर तो याच गावांतून उभा राहील.